खालच्या पानांच्या वहिनी

आमच्या महानंदा वहिनी घरी आलेल्या माणसाच्या आधी पायाकडं बघतात. नव्या माणसाला वाटतं, आपल्या चपला बघून राहिल्या. तो बिचारा चपला आणखी दूर नेऊन ठेवतो, पाय झटकतो आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकतो. वहिनी चपला बघत नसतात, सावली बघत असतात. सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी आहे की शाई फुटल्यासारखी पुसट, एवढं पाहून झालं की मग त्यांची नजर वर, माणसाच्या तोंडाकडं येते. म्हणतात, "या, बसा. आज उजेड लई चांगला पडलाय, न्हाई?"

यावर काय बोलावं हे अजून कुणाला सुचलेलं नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा "तुमची कृपा" असं उत्तर दिलं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, शिवकांतदादाची बायको. माहेर उदगीरचं, त्यामुळं राग आला की त्या कानडीत पुटपुटतात आणि आम्हाला कळत नाही. ही सोय आमच्या घरात त्यांच्या एकट्यांकडं आहे. लातूरला खाली दादाचं भांड्यांचं दुकान, वर घर. घरात अप्पा, म्हणजे आमचे वडील, आणि माय. वहिनी शेतकी कॉलेजात शिकवतात. मी धाकटा. बारावीला भौतिकशास्त्रानं माझा हात सोडला तो सोडलाच. आता नांदेडला विम्याच्या कचेरीत बसून लोकांना त्यांच्या मरणाचे फायदे समजावून सांगतो. असल्या माणसानं झाडं उजेड कशी खातात यावर लिहावं हा अगोचरपणा आहे. पण वहिनी स्वतःबद्दल लिहिणार नाहीत, आणि दादानं लिहिलं तर मधेच भांड्यांची जाहिरात घालील.

वहिनींचा विषय उजेड. त्यातही सगळा नव्हे. सूर्याकडून नीट सरळ न येता ढगांवर, धुळीवर, वाफेवर आपटून चारी दिशांनी येणारा, विखुरलेला उजेड. तो पिकाला किती लागतो आणि ते गणितात कसं मांडायचं, यावर त्यांनी पंचेचाळिशी उलटल्यावर पीएचडी करायला घेतली. माय म्हणाली, "आता नातवंडं खेळवायच्या वयात?" वहिनी म्हणाल्या, "नातवंडं येईस्तोवर करते की, आत्या." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

मला हा विषय पहिल्यांदा कळला तो रेणापूरला, एका लग्नात. नात्यातल्या मुलीचं लग्न होतं. फोटोग्राफर नवरीला अंगणात, भर उन्हात उभी करून फोटो काढत होता. वहिनींना राहवेना. त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "दादा, तिला मांडवाच्या पांढऱ्या कापडाखाली घ्या. उन्हात नाकाची सावली ओठावर पडून राहिली. मिशा आल्यावानी दिसायली पोरगी."

फोटोग्राफरला राग आला तो आलाच, पण 'मिशा' एवढाच शब्द नवरदेवाच्या मावशीच्या कानी पडला आणि तो वरपक्षात फिरून येईपर्यंत नवरीला दाढीही फुटली होती. शेवटी मुलीच्या बापानं हात जोडले. वहिनी मात्र कापडाखाली उभ्या असलेल्या नवरीकडं समाधानानं बघत होत्या. "बघा भावजी, आता कुठंच सावली न्हाई. चारी बाजूनं उजेड चाललाय. हनुवटीखाली सुदिक."

मग जेवायला बसलो. आम्ही भिंतीकडच्या शेवटच्या रांगेत. वाढपी अंगानं दांडगा आणि स्वभावानं आळशी. तो पुढच्या रांगेत पाव्हण्यांना बुंदीचा आग्रह करत होता. ते "बास, बास" म्हणत ताटावर आडवे हात धरत होते, तरी हा त्यांच्या हातांवर बुंदी टाकत होता. आमच्याकडं नुसता भात आला होता.

"ते बघा थेट ऊन," वहिनी म्हणाल्या.

"कुठं?"

"तो वाढपी. वरच्या पानांचं पोट भरलं तरी त्यांच्याच ताटात वाढून राहिला. पान एका हद्दीपुढं खाऊ शकत न्हाई भावजी, वरचं सगळं वाया. अन् खालची पानं आपल्यावानी, भिंतीला बसून उपाशी. आता समजा ह्या एकाच्या जागी धा पोरं बादल्या घेऊन चहूबाजूनं शिरली. बुंदी तेवढीच, उलट जराशी कमीच. पण शेवटच्या ताटापर्यंत जाती. अख्खी पंगत मिळून जास्त जेवती. पातळ ढग आल्यावर सोयाबीनच्या रानात हेच होतं."

"अन् दाट ढग आले तर?"

"मग बुंदीच संपली."

एवढ्यावर थांबल्या तर त्या वहिनी कसल्या. म्हणाल्या, "जुने गणितवाले अख्ख्या रानाला एकच भलंमोठं पान धरायचे. एक पान, एक पोट. सोपं पडतं हिशेबाला. पण त्यात ही पुढची रांग अन् मागची रांग दिसतच न्हाई. मी दोन पानं धरून राहिले. एक उन्हातलं, एक सावलीतलं."

"मग मी कोणतं?"

"तुमी तिसरं. बुंदीकडं बघत बसलेलं."

विखुरलेला उजेड वेगळा मोजायचा तर थेट ऊन झाकावं लागतं. त्यासाठी वहिनींच्या यंत्राला एक कडं होतं. भाकरीएवढ्या तबकडीवर बुबुळासारखं काचेचं टोपण, आणि त्याच्या डोक्यावरून कमानीसारखं गेलेलं लोखंडी पट्टीचं काळं कडं. सूर्य दिवसभर त्या पट्टीमागूनच चालतो, त्याचं थेट ऊन काचेवर पडत नाही, उरलेल्या आभाळाचा उजेड तेवढा पडतो. शेजारी दुसरं तसंच यंत्र, उघडं. दोन्हींचे आकडे डब्यात आपोआप साठतात. फक्त सूर्य काही आमच्या दादासारखा एका जागी बसणारा नाही. ऋतूनुसार सरकतो, म्हणून ते कडंही दर थोड्या दिवसांनी सरकवावं लागतं.

ते कडं गंजलं, तेव्हा नवं घडवायचं काम नांदेडच्या एका लोहारानं केलं आणि ते लातूरला पोचवायचं काम माझ्यावर आलं. एसटीत ते ना मांडीवर मावेना, ना वर फळीवर. शेवटी मी ते गळ्यात घालून बसलो. कंडक्टरनं विचारलं, "मामा, हे कशाचं?"

मी खरं सांगितलं. "सूर्याला झाकायचं हाय."

कंडक्टरनं मला नीट पाहून घेतलं आणि शेजारच्या बाईंना हळूच म्हणाला, "ताई, तुमी जरा म्होरच्या सीटवर बसता का?" लातूरपर्यंत मी एकटा ऐसपैस आलो.

वहिनींचा आणखी एक गुण म्हणजे समोरच्याला हवं ते उत्तर देणं त्यांना जमत नाही. एकदा शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात शेतकऱ्यांपुढं बोलायला त्यांना बोलावलं होतं. दादाला दुकान, म्हणून सोबत मी. दोन-तीन दिवस आभाळ भरून होतं. एक म्हातारे पाटील उठले. "बाई, आभाळ आलंय, सोयाबीन बसंल. काय फवारावं सांगा."

वहिनींनी मंडपाबाहेर जाऊन स्वतःची सावली बघितली. परत आल्या. "काही फवारू नका. ढग पातळ हाय. खालच्या पानांचं जेवण चाललंय, चालू द्या."

"म्हंजी काहीच करायचं न्हाई?"

"काहीच न्हाई."

सभेत अशी निराशा पसरली की विचारू नका. शहरातून बाई आल्या, खुर्चीत बसवलं, शाल घातली, आणि सांगतात काय, तर काही करू नका! परतताना मी म्हटलं, "वहिनी, निदान कशाचं तरी नाव सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "का बरं? नाहक फवारलं असतं की त्यांनी."

आता मूळ गोष्टीकडं येतो.

कॉलेजच्या रानात वहिनींनी प्रयोगाचं सोयाबीन लावलं ते डुकरांनी खाल्लं. तेव्हा गाईड सरांच्या संमतीनं प्रयोग आमच्या गच्चीवर आला. अर्धे कापलेले निळे ड्रम एकमेकांना खेटून मांडले, त्यात सोयाबीन असं दाट लावलं की वरून बघताना रानाचा तुकडाच वाटावा. शेजारी ती दोन यंत्रं. कॉलेजातून पानाला चिमटा लावून तपासायचं यंत्र त्या सुटीच्या दिवशी आणायच्या. पान किती जेवलं ते त्यात दिसतं म्हणे. असे दोन पावसाळे गेले.

आणि वहिनींना काहीतरी सापडलं. निरभ्र दिवशी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, लातूरच्या सकाळच्या उन्हात विखुरलेला उजेड गणितापेक्षा कितीतरी जास्त निघत होता. दुपारनंतर मात्र गणिताबरहुकूम. पहिल्यांदा त्यांनी यंत्रावर संशय घेतला, मग कड्यावर, मग, मी लोहाराशी घासाघीस केली होती म्हणून, माझ्यावर. पण झाडंही तेच सांगत होती. त्या सकाळी खालची पानं खरोखरच जास्त जेवत होती. यंत्र आणि झाड दोघांनी एकच साक्ष दिल्यावर कोण काय बोलणार? वहिनींनी कारण मांडलं. सकाळची धूळ, चुलींचा धूर, दव, यांनी लातूरचं सकाळचं आभाळ दिसायला निरभ्र पण असायला दुधाळ असतं. दुपारी वारा सुटला की ते निवळतं. नांदेडचे त्यांचे गाईड सर खूश झाले. म्हणाले, "मॅडम, बाकी प्रबंध ठीक आहे, पण हे प्रकरण तुमचं नाव करेल."

नावाचं राहू द्या, वहिनींना पदवी हवी होती. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. पदवी नाही म्हणून कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांच्या वरच्या खुर्चीत बसली होती. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, कानडीतसुद्धा नाही. पण प्रबंध पूर्ण होत आला तसा त्यांच्या चालण्यात फरक पडला होता हे मला दिसत होतं. जिन्यावरून उतरताना त्या गुणगुणायच्या.

प्रबंधावर सरांची सही घ्यायची म्हणून त्या आदल्या संध्याकाळी नांदेडला आमच्याकडं आल्या. सकाळी स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या होत्या. माझी बायको रेखा परसात धुणं वाळत घालत होती. ऊन घरावरून परसात उतरलं होतं. रेखानं पांढरी चादर झटकून पलीकडच्या तारेवर टाकली, आणि स्वयंपाकघर एकदम उजळलं. डब्यांची झाकणं चमकली, ओट्याखालचा अंधार गेला.

वहिनींचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"रेखा, ती चादर काढ गं."

रेखाला वाटलं डाग राहिला. तिनं काढली. खोली मंदावली.

"आता परत टाक."

खोली उजळली. तिसऱ्यांदा काढायला सांगितल्यावर रेखानं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. वहिनींनी चहा खाली ठेवला आणि लातूरला फोन लावला. घाईनं बोट चुकून आवाज मोठा झाला, त्यामुळं मायचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आत्या, अप्पांचं पूजेचं धोतर तुमी गच्चीवर कुठं टाकता?"

"का गं? पडलं का खाली?"

"न्हाई पडलं. कुठं टाकता?"

"जिन्याच्या खोलीपाशी, वरच्या तारंवर. मडीचं धोतर वरच नगं का? कुणाचा हात लागतो खाली."

मडी म्हणजे पूजेसाठी वेगळं धुतलेलं, कुणाचा स्पर्श न झालेलं वस्त्र. आमचे अप्पा रोज लिंगपूजेला मडीचं धोतर नेसतात. माय ते स्वतःच्या हातानं धुते, गच्चीत सगळ्यात उंच तारेवर पूर्ण पसरून टाकते, शेजारी उपरणं, आणि दुपारचं जेवण व्हायच्या आत घडी करून खाली नेते. जिन्याची खोली पश्चिमेला. सकाळचं ऊन पूर्वेकडून येऊन थेट त्या धोतरावर पडतं. त्याच्यासमोर सोयाबीनचे ड्रम आणि वहिनींचं यंत्र.

"अन् आभाळ असलं तर, आत्या?"

"आभाळ असल्यावर कोण टाकतंय गच्चीवर? भिजलं तर मडी जाती. मग माजघरातच की."

वहिनींनी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. निरभ्र दिवशी धोतर गच्चीत. ढगाळ दिवशी आत. सकाळी असतं, दुपारी नसतं. लातूरचं दुधाळ आभाळ म्हणजे आमच्या अप्पांचं धोतर होतं. वहिनी सकाळी कॉलेजला जाईपर्यंत ते तारेवर आलेलं नसे, परत येईपर्यंत गेलेलं असे. सुटीच्या दिवशी त्या त्याच्याखालून शंभरदा वाकून गेल्या असतील. पण वीस-बावीस वर्षं जे रोज तिथंच आहे, ते दिसतं कुणाला? मडीचं म्हणून त्या उलट त्याच्याकडं बघायच्या त्या अंग चोरण्यापुरत्याच.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, स्कूटर काढा."

सरांच्या खोलीत मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. वहिनींनी सगळं सांगितलं. सर माणूस वाईट नाही. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"मॅडम, मुदत संपत आलीय. एक ओळ टाका, आसपासच्या पृष्ठभागांवरून काही परावर्तन संभवतं, अशी. शास्त्राला धरून आहे. सही करतो."

"सर, मग ते दुधाळ आभाळाचं प्रकरण?"

"ते तसंच राहू द्या. तुमच्या गच्चीवर कोण बघायला येणार आहे?"

वहिनी म्हणाल्या, "मी रोज जाते की सर."

सरांनी पेपरवेट खाली ठेवला. म्हणाले, "आणखी एक हंगाम मागून घेतो. शेवटचा. यानंतर मला कुणी दारात उभं करणार नाही आणि तुम्हालाही नाही. पाऊस दगा देवो, डुकरं येवोत, काहीही होवो."

परतताना स्कूटरवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे आत्याला कळू द्यायचं न्हाई."

माझ्याकडून कळलं नाही, हे मी अभिमानानं सांगतो. दादाकडून कळलं. वहिनींनी त्याला विश्वासात घेतलं आणि त्यानं त्याच दिवशी जेवताना सगळ्यांना विश्वासात घेतलं. "माय, तुझ्या धोतरानं हिची दोन सालं खाल्ली बघ," तो हसत म्हणाला. त्याला वाटलं, गंमत आहे.

माय ताटावरून उठली नाही, पण पुढं जेवलीही नाही. "मी अंगठाछाप बाई," ती म्हणाली. "मला काय मालूम वर ऊन मापून राहिले. सांगितलं असतं तर टाकलं असतं का मी?"

"आत्या, तुमचं काही न्हाई चुकलं. समोर असून मीच बघितलं न्हाई."

"धोतर तर माझंच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी वहिनी कॉलेजातून आल्या तर गच्चीवरची वरची तार गायब. मायनं ती मिस्त्रीला बोलावून काढून टाकली होती. वहिनींनी परोपरीनं सांगितलं, दुसऱ्या बाजूला बांधू, ड्रम हलवू. माय ऐकेना. अप्पांचं धोतर तेव्हापासून मागच्या बोळात वाळायला लागलं. बोळात ऊन उतरत नाही. गुडघे धरून माय जिना उतरायची, बोळात उंच बांबू बांधून घेतला होता त्यावर धोतर चढवायची आणि कुणाचा हात लागू नये म्हणून तिथंच स्टूल टाकून राखण बसायची. वहिनींशी बोलणं मात्र कामापुरतं. मीठ, पाणी, गॅस.

पावसाळ्यात ते धोतर वाळायला दोन-दोन दिवस घ्यायला लागलं. अप्पा पूजेला बसले की नाक आक्रसायचे. शेवटी एकदा बोलले. "महानंदा, तुझं आटप गं बाई लवकर. धोतराला कुबट वास मारून राहिला. मी सोसंन, पण लिंगदेवाचा काय गुन्हा?"

वहिनी हसल्या, पण त्या हंगामात पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. अख्खं लातूर आभाळाकडं बघत होतं ते पावसासाठी. आमच्या वहिनी बघत होत्या पातळ ढगासाठी. त्यांना तिन्ही तऱ्हेचे दिवस हवे होते, निरभ्र, पातळ ढगाचे आणि दाट ढगाचे, आणि तेही सोयाबीन पानानं भरलेलं असताना. आभाळ काही कुणाच्या मागणीनं येत नाही. सुरुवातीला नुसती दाट काळोखी. फोनवर मी विचारायचो, "कसं काय?" त्या म्हणायच्या, "बुंदी संपली." मग कधीतरी एका सकाळी त्यांचाच फोन आला. "भावजी, बाहेर जाऊन सावली बघा." मी कचेरीतून उठून रस्त्यावर गेलो. माझी सावली होती, पण विटलेली, कडा नसलेली. "पुसट हाय," मी सांगितलं. "इथं बी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. लोक बघत होते म्हणून मी आणखी थोडा वेळ जमिनीवर काही पडलंय का हे शोधल्यासारखं केलं.

हंगाम संपला. जे हाती आलं ते आधीपेक्षा लहान होतं. लातूरचं आभाळ दुधाळबिधाळ काही नव्हतं. पातळ ढगात खालची पानं जास्त जेवतात हे खरं, पण वहिनींनी आधी म्हटलं होतं तेवढं नव्हे, त्यात धोतरानं बाजूनं भरवलेला घासही धरला गेला होता. एका मोठ्या पानाच्या गणितापेक्षा दोन पानांचं गणित खऱ्या झाडाशी बरं जुळतं, हेही खरं ठरलं, पण ते जगात इतरांनीही म्हटलेलं होतं. नाव करणारं प्रकरण गेलं होतं. सरांनी वाचलं, मान हलवली, सही केली. आता पदवी मिळणार की नाही ते तोंडी परीक्षेवर होतं.

ती नांदेडला झाली. ऐकायला कुणालाही बसता येतं म्हणून आम्ही सगळे गेलो. मायही आली. तिला कुणी आग्रह केला नव्हता. ती इरकल नेसून, पदर डोक्यावर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. मी शेजारी. ती मला घरच्या नावानं हाक मारत एकच विचारत राहिली, "बस्या, काय म्हणून राहिले ते?" मी अर्थातच सांगू शकत नव्हतो. "चांगलं म्हणून राहिले," असं दर वेळी सांगितलं.

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघणारे, कोरडे गृहस्थ होते. त्यांनी बरंच विचारलं, वहिनींनी बरंच सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमची नोंदणी जुनी आहे. हंगाम मात्र एकाच वर्षाचा. आधीच्या दोन वर्षांत काय केलंत?"

गाईड सर बुटांकडं बघायला लागले. मला वाटलं, वहिनी काहीतरी गोलमाल सांगतील. तेवढा हक्क त्यांनी कमावला होता. त्यांनी पडद्यावर तार निघायच्या आधीचा एक जुना फोटो आणला. आमची गच्ची, तार, आणि त्यावर ऊन पिऊन लखलखणारं धोतर.

"हे माझ्या सासऱ्यांचं धोतर," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं मी ह्याचा उजेड मोजला आणि आभाळाचा समजले. म्हणून ते आकडे काढून टाकले."

सभागृहात हशा उठला. पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. मायनं माझं मनगट धरलं. तिला शब्द कळले नसते, तरी फोटो कळला असता. परीक्षक मात्र हसले नाहीत. ते फोटोकडं बघत राहिले, आणि हशा आपोआप विरला.

"किती परावर्तन करतं हे?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नंतर, सर. पण नक्की सांगता येत नाही. नव्या आणि जुन्या धोतरात फरक पडतो. फोटोतलं कोणतं, ते मला..."

"जुनं हाय ते," शेवटच्या रांगेतून आवाज आला. "पण नीळ असती त्याला."

सगळं सभागृह मागं वळलं. माय उभी होती. पदर सारखा करत, घाबरलेली, पण उभी.

परीक्षकांनी चष्मा काढला. "नीळ किती घालता, मावशी?"

"चिमूटभर. जास्ती झाली तर निळं दिसतं, पांढरं न्हाई."

"बरोबर," परीक्षक म्हणाले, आणि समोरच्या कागदावर त्यांनी खरोखर काहीतरी लिहिलं. मग वहिनींकडं वळून म्हणाले, "मॅडम, लोक चुका लपवतात, तुम्ही फोटो लावलात. मला आणखी काही विचारायचं नाही."

निकाल जाहीर झाला. टाळ्या झाल्या. दादानं पेढे वाटले, अप्पांनी सरांना शाल घातली, आणि मी हातात एक रिकामं खोकं घेऊन, फार काम असल्यासारखा इकडून तिकडं फिरलो. मधेच लक्षात आलं, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या वहिनी सभागृहात नाहीत. मायही नाही.

दोघी बाहेर, इमारतीच्या पायऱ्यांवर होत्या. माय बसलेली, वहिनी एक पायरी खाली. मी दाराशीच थांबलो.

"म्हंजी आता तुझं झालं ना सगळं?" माय विचारत होती.

"झालं, आत्या."

"काही राहिलं न्हाई?"

"न्हाई."

"मग आता वरती तार बांधून घेऊ का?"

वहिनींनी तोंड दुसरीकडं वळवलं. पदरानं डोळे पुसले, की नाक पुसलं, मला मागून दिसलं नाही. मग म्हणाल्या, "बांधा की. उद्याच बांधू. पण आत्या, पयलेपेक्षा हातभर खाली बांधा."

"ते का गं?"

"ड्रमात तूर लावली हाय मी. खालच्या पानाला उजेड भेटंल धोतराचा."

"खाली मडी ऱ्हात न्हाई, बाई. येता-जाता कुणाचं बी डोस्कं लागतं."

"मग ड्रम उचलून वर घेऊ."

"तू उचलणार का?"

"भावजी हायेत की," वहिनी म्हणाल्या, आणि एवढ्या वेळात दोघींपैकी एकीनंही मागं वळून बघितलं नव्हतं.

संध्याकाळच्या लातूर गाडीत मी त्यांना बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा दोघी एका सीटवर होत्या. माय हात वर करून तार किती उंच हवी ते दाखवत होती, आणि डॉक्टर महानंदा वहिनी तिचा हात धरून तो हळूहळू खाली आणत होत्या.